पूरकबाईचा शब्दकोश

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजात मी शब्दकोश फेकून महेशचा ओठ फाडला. मी!

इंग्रजीच्या तासाला सरांनी व्याकरणातले 'कॉम्प्लिमेंट' म्हणजे काय, ते विचारले. मराठी शाळेच्या सवयीने मी हाताची घडी घालून आधी मराठीतच सांगितले: विधान पुरे करणारा शब्द म्हणजे पूरक, 'शी इज अ टीचर' या वाक्यातला 'टीचर'. उत्तर अचूक होते. तरी मागून महेश ओरडला, "काय गो पूरकबाई, आता प्रार्थनापण म्हण!" सगळे हसले. सरसुद्धा.

मग ते रक्त. बाकावर, त्याच्या शर्टावर.

उद्या वर्गासमोर माफी मागितली नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मागेन. पण ते रक्त आठवले की अजूनही बरे वाटते, आणि माफीपेक्षा मला त्या बरे वाटण्याचीच धास्ती वाटते.