पाण्याला बसायला जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पाट्या रंगवणे (सध्या बंद), राहणार उताराच्या गल्लीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, शिवाय प्राथमिक शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून चालीसकट पाठ आहेत. माझ्या मते हा दुसरा दाखला जास्त भक्कम. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते.

कलम १. माझे ब्रश, अक्षरांचे साचे आणि शिडी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला द्यावी. नगरपालिकेला यातले काही देऊ नये. 'पाणी जपून वापरा' अशी पाटी त्यांनी सांगितली होती, मी तिची चार ओळींची कविता केली. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, पाटी आहे की प्रार्थना? पुसा ते." पुसले. पण वरचा रंग नगरपालिकेने स्वस्तातला दिला होता, त्यामुळे ऊन पडले की खालची कविता वाचता यायची. त्याचा दोष माझ्याकडे नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक, तिच्या आईचे शिवणयंत्र आणि माझी जुनी क्रमिक पुस्तके चि. कन्येला. ती दर रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "काय जेवलात?" इथे मला जरा विचार करावा लागतो. तिच्याकडे राहून आलो आहे. सगळे छान आहे. पण तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिले की माणसांची डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

घर मात्र तिला नाही. हे तिला सांगितले आहे. "आईचं घर तुम्ही खड्ड्यात घालणार?" म्हणाली. मी म्हटले, "बाळा, ते आधीच खड्ड्यात गेलंय."

कलम ३. राहते घर, परसासह, स्वकष्टार्जित व वडिलोपार्जित मिळून माझ्या हिश्शाचे, मी आमच्या नगरपालिकेला देतो. पहिले कलम वाचून कोणी हसू नये. माझा राग पाटीपुरता आहे.

कारण असे. आमच्या गावात विकास म्हणजे उंची. ज्या गल्लीतला सदस्य निवडून येतो, तो आधी आपल्या गल्लीचा रस्ता वर उचलतो. जुन्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. पाणी पुढच्या गल्लीत. पुढचा सदस्य आला की त्याची गल्ली वर, पाणी त्याच्या पुढे. असे ढकलत ढकलत ते शेवटच्या घरी येते, म्हणजे माझ्याकडे. लग्न करून आलो तेव्हा सौभाग्यवती पायऱ्या चढून घरात आली होती. तिला शेवटचे बाहेर नेले तेव्हाही चढावेच लागले, रस्त्यावर यायला.

पूर्वी आठवडाभर रेंगाळणारा पाऊस आता एका दुपारी उरकतो. नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई, ज्या आमच्यासह तीन गावांना मिळून एकच आहेत आणि ज्यांना बसायला टेबलही वाटून घ्यावे लागते, त्या माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "काका, हे आता असंच वाढत जाणार. मोठ्या शहरांकडे पंप आहेत. आपल्याकडे काय आहे?"

"काय आहे?"

"उतार. तो कुठे जातो ते बघायचं आणि तिथे पाण्याला बसायला जागा द्यायची."

बोलून झाल्यावर त्या माझ्या घराकडे पाहायचे टाळत होत्या. माझ्या लक्षात आले.

तरी माझ्यामागे घर उतरवावे, जागा उथळ खणावी, पाणथळीत तगणारी झाडे आणि गवत लावावे. पावसाळ्यात वरच्या सगळ्या गल्ल्यांचे पाणी तिथे थांबेल आणि सावकाश मुरेल. उन्हाळ्यात माणसे बसतील.

कलम ४. अटी. तिथे काँक्रीट ओतू नये. गाळे काढू नयेत. माझे नाव देऊ नये. बेडकांविरुद्ध तक्रारी घेऊ नयेत. मागच्या दाराचा जाईचा वेल शक्यतो राखावा. मधली खोली उतरवताना जरा हळू. तिथे सौभाग्यवती शिवत बसायची आणि मी कविता म्हणायचो. पुस्तक तिने कधी उघडले नाही, पण मी अडलो की मशीन न थांबवता म्हणायची, "पुढचं कडवं विसरलात." अजूनही म्हणताना मी त्या जागी थांबतो. नंतर आपला आपणच पुढे जातो.

कलम ५. बोळ. माझ्या आणि धाकट्या भावाच्या घरामधला बोळ वडिलांनी दोघांच्या नावे ठेवला आहे. गल्लीतले पाणी माझ्या परसात नेता येईल ते फक्त त्या बोळातून, म्हणून धाकट्याच्या सहीवाचून तिसरे कलम नुसता कागद आहे. सही न मिळाल्यास घर विकावे आणि पैसे कन्येला द्यावेत. गिऱ्हाईक तयार आहे. तो ठेकेदार आहे; भराव घालून जागा रस्त्याच्याही वर नेणार, आणि मग पाण्याला धाकट्याचे घर पहिले लागेल. हे धमकी म्हणून लिहिलेले नाही. उतार तसा आहे.

धाकट्याने भराव घालून आपले अंगण उचलले, बोळात भिंत घातली, आणि त्याच पावसात त्याच्या अंगणातले पाणी माझ्या स्वयंपाकघरात आले. तेव्हापासून बोलणे बंद. भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येतो. त्यावरून तो उठला हे कळते. एखाद्या सकाळी उशीर झाला तर माझा चहा तसाच निवतो.

इंजिनिअरबाई म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन बोला ना. एक भिंत तर आहे मधे."

"बाई, तीन गावं सांभाळता, तेवढी ही भिंतही सांभाळा."

त्या हसल्या, पण कागद घेऊन जायला कबूल झाल्या.

कलम ६. या मृत्युपत्राची व्यवस्था कन्येने पाहावी. रडून झाल्यावर पाहावी, घाई नाही.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. वरचे सारे वाचून, उमजून, साक्षीदारांच्या देखत सही करतो.

सही: (पाटीवाले काका म्हणून गावाला ठाऊक असलेला मी)

साक्षीदार: १. डॉक्टर, ज्यांनी नाडी पाहिली. २. पोस्टमन, ज्यांनी चष्मा शोधून दिला.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. तारीख: १२ मे

संमती, बोळाचा सहमालक व सख्खा धाकटा भाऊ (मजकूर आणि सही त्याच्या स्वतःच्या हातची):

भिंत आधी दादाने घातली. मी ती फक्त उंच केली. बाकी सगळं वाचलं. बोळातला माझा हिस्सा दिला, भिंतही पाडून देतो. पण दादा आहे तोवर त्याच्या घराची वीट हलवायची नाही. आणि यंदा पाणी चढायच्या आत दादाने माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला यायचं. खाट टाकली आहे. आला नाही तर ही सही मी मानत नाही.

सही: धाकटा