खंडेनवमीला पुसलेल्या तारा

अण्णा, तुम्ही गेल्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी अंबाजोगाईला असते. घरात तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर मी लोकांचे प्रबंध टाइप करते, दुसऱ्यावर तुमचे जावई दुकानदारांचे हिशेब बघतात, तिसरा तुमच्या नातीच्या अभ्यासाचा. तिन्हींच्या तारा एका छोट्या डब्यात येतात, त्याला स्विच म्हणतात, आणि डब्यातून एक तार इंटरनेटच्या यंत्राकडे जाते. तुम्हाला हे पाच मिनिटांत कळलं असतं आणि सहाव्या मिनिटाला तुम्ही मलाच शिकवायला बसला असतात.

आई आठ वर्षं माझ्याकडेच आहे. तुमच्यामागं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान गेलं, पान्हे-पक्कड गेली, मग खंडेनवमीला ती पूजा तरी कशाची करणार? पण काल म्हणाली, "तुमची हत्यारं हीच की. मी करते समदं." आम्ही सगळं बंद करून बाजारात गेलो. तिनं एकूणएक तार काढून कोरड्या फडक्यानं पुसली, प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, झेंडूचं फूल वाहिलं आणि तारा परत ओळीनं लावून ठेवल्या. इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढला. आज दसरा. सकाळी कॉम्प्युटर सुरू केले तर एकालाही इंटरनेट नाही, प्रिंटर सापडत नाही, आणि डब्यावरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत. नातीच्या क्लासची दुपारी ऑनलाइन परीक्षा. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "डबा गेलाय ताई, नवा टाका." दसऱ्याच्या गर्दीत दुपारच्या आत नवा डबा कोण आणून बसवणार? जावई बोलले नसते तर बरं झालं असतं, पण बोलून गेले, "आईंनी उगाच हात लावला." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोड्या वेळानं बघते तर तिनं पिशवी भरलेली. "मला तेलगावला भावाकडं सोड. हितं माझ्या हातानं नुसती नासधूस व्हायलीय."

मग मी पदर खोचून डब्यापुढं बसले. धारूरचं आपलं दुकान डोळ्यांपुढं आलं. मी बारा वर्षांची आहे, तुम्ही चहाला गेलाय, आणि मी हुशारी दाखवायला एका स्टार्टरच्या चार तारा एकदम सोडवल्यात. तुम्ही येता आणि गिऱ्हाइकादेखत ओरडता, "चारी तारा काढल्यावर दोष आता कुणाला इचारू? एका येळी एकच तार!" मी रडले. संध्याकाळी तुम्ही मला नवा कोरा टेस्टर आणून दिलात, तोही न बोलता. तुमचं सॉरी असंच असायचं.

आज मी एका वेळी एकच तार काढली. पहिली काढली, दिवे तसेच. दुसरी, तसेच. चौथीला हात घातला आणि सगळे दिवे शहाण्यासारखे शांत झाले. ती तार हातानं चाचपत गेले तर तिचं दुसरं टोकही त्याच डब्यात! ती जादाची तार होती, पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी एक टोक टेबलाखाली लोंबत ठेवलेली. आईला मोकळं टोक दिसलं, रिकामं भोक दिसलं, तिनं नीटनेटकं बसवून टाकलं. निरोप डब्यातून निघायचा आणि घाण्याच्या बैलासारखा फिरून तिथंच यायचा, मग बाकीच्यांना वाट कुठली?

मला हसू आलं, पण लगेच आईची पिशवी आठवली. खरं सांगितलं तर ही निघालीच तेलगावला. "डबाच जुना झालाय" असं म्हणायचं ठरवलं, तर ती मागंच उभी. "कावून बंद पडलतं? खरं सांग." सांगितलं. दोन्ही टोकं दाखवली. मग ती पिशवी खाली ठेवून माझ्याशेजारी फरशीवर बसली. "मग हिचं टोक कुठं ठिवायचं ते दाव की मला. ह्यांनी जलमभर दुकानाच्या पायरीवरच उभं केलं. जेवणाचा डबा आणला तरी 'वर येऊ नको, करंट हाय.' मला लई वाटायचं, आत येऊन बघावं."

तिनं सगळ्या तारा स्वतः काढल्या आणि स्वतः लावल्या. परीक्षा वेळेवर झाली. जावयांनी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पुढल्या टायमाला मलाच बोलवा," आणि मनापासून हसली.

अण्णा, तुमचा जीव होता तिच्यावर, म्हणून भीती होती, हे मला कळतं. तरी तुमचा राग आला. तो राग इथं चार ओळींत लिहिला होता. या पत्राची प्रिंट काढणार नाही, आईच्या हाती लागली तर नातीकडून वाचून घ्यायला बसेल. त्या चार ओळी आत्ता पुसून टाकल्या. आठ वर्षं रोज ती या टेबलाखालून केर काढते, आणि हे काय आहे ते तिला दाखवावं, असं मलाही कधी सुचलं नव्हतं.