उलट दाबलेलं बटण

प्रिय पाणकोंबडे,

तुझी चिठ्ठी मिळाली आणि तिच्यात गुंडाळलेलं मेमरी कार्डही. "आत्या, यातून काही निघतंय का बघ, नाहीतर सगळं पुसून टाक. कॅमेरा परत घेऊन जा. मला हे जमत नाही. मी पुन्हा खाली उतरणार नाही." वाचून आधी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, लहानपणी जिला टबातून बाहेर काढायला दोन मोठी माणसं लागायची ती ही कार्टी, आणि आता पाण्यात उतरणार नाही म्हणते! मग शांतपणे विचार केला. तळ्याच्या त्या टोकाची वाळू उपसायची की नाही, हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार. तिथे मासे वाळूत खळगे करून अंडी घालतात हे तू बैठकीतल्या साहेबांना तोंडानं सांगून थकलीस, आणि त्यांना हवी आहे फिल्म. एकदा अंडी फुटून पिल्लं पांगली की उरतात नुसते खळगे, आणि खळग्यांची फिल्म बघून कुणी यंत्र थांबवणार नाही. म्हणजे जे काही करायचं ते या आठवड्यात. आणि नेमकी आत्ताच तू हातपाय गाळून बसलीस. हे मला काही पटेना.

पटेना, कारण तो कॅमेरा तू कसा जुळवलास ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एवढी वर्षं लग्नं शूट करून मला वाटायचं, कॅमेऱ्यातलं मला कळतं. तू स्टुडिओत आलीस तेव्हा मी मोठ्या दिमाखात माझी लांब पल्ल्याची लेन्स काढून ठेवली होती. लांब उभं राहायचं आणि नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपायचं, हा आमचा धंदा. तू ती लेन्स हातात घेतलीस, छान आहे म्हणालीस आणि परत डब्यात ठेवलीस. म्हणालीस, "आत्या, पाण्यात लांब उभं राहिलं की मधलं सगळं पाणीच दिसतं. जवळ जायला हवं, अगदी हाताच्या अंतरावर, आणि तेवढ्या जवळून सगळं मावायला रुंद लेन्स हवी." मग तू कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला तो काचेचा घुमट बसवलास. मला तो घुमट फारच आवडला. मी त्याला हात लावायला गेले तर माझ्या हातावर चापट मारलीस, स्वतःच्या आत्याच्या! पण बरोबर होतं तुझं. माझ्या बोटांना नुकतंच डोक्याला लावलेलं तेल होतं.

दिव्यांचंही तेच. मी आपली सवयीनं दोन्ही दिवे समोर रोखायला निघाले, चेहरा उजळायला. तू ते लांब दांड्यांवर बाजूला नेलेस आणि चक्क बाहेरच्या दिशेला वळवलेस. मी म्हटलं, अगं, हे कुणाला उजेड देतायत? तू खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप दाखवलीस, तिच्यात तरंगणारी धूळ दाखवलीस, आणि म्हणालीस की पाण्यातही असाच कचरा तरंगतो, समोरून दिवा मारला की आधी तोच चमकतो. दिव्याच्या उजेडाची फक्त कड माशावर पडली पाहिजे. मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही हे तुझ्या काकांना विचार.

आणि त्या काळ्या रबरी रिंगेची तर तू किती काळजी घ्यायचीस! पेटीचं झाकण आणि अंग यांच्यामध्ये बसणारी ती बारीकशी रिंग, तीच पाणी अडवते. मी ती माझ्या सुती फडक्यानं पुसायला घेतली तर तू किंचाळलीस. सुताचा एक तंतू राहिला की त्याच वाटेनं पाणी आत. मग तू ती बोटांनी चाचपून पाहिलीस, डोळे मिटून, आणि ग्रीसचा पुसटसा हात फिरवलास. पहिल्यांदा पेटी पाण्यात घातलीस ती रिकामी, आत नुसता टिश्यूपेपर. न्हाणीघरातल्या टबात दगड ठेवून ती बुडवलीस आणि शेजारी स्टूल टाकून बसलीस. तासाभरानं कागद कोरडा निघाला तेव्हा तू मला मिठी मारलीस. मग तरंगण्याचा घोळ निघाला. पेटी पाण्यात नाक खाली करत होती, तर तू दिव्यांच्या दांड्यांना फोमचे तुकडे बांधत बसलीस, एक काप, पुन्हा बुडव, अजून एक काप, जोवर हात सोडला तरी कॅमेरा होता तिथेच थांबत नाही तोवर. मी चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला फार अभिमान वाटत होता. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

एवढं सगळं केलंस, आणि घोडं अडलं कुठे, तर बटणाला. मासा बिथरू नये म्हणून तू रेकॉर्डिंगचा लाल दिवा चिकटपट्टीनं झाकलास आणि मागचा पडदा जवळजवळ काळा केलास. हातात जाड हातमोजे. बोटीवर बसल्या बसल्या कधीतरी बटण दाबलं गेलं, कॅमेरा सुरू झाला आणि तुला कळलंच नाही. तिथून पुढे सगळं उलटं. तू सुरू करायला दाबलंस की तो बंद, बंद करायला दाबलंस की सुरू. माशाला त्रास नको म्हणून इतकी काळजी घेणाऱ्या माणसाच्याच हातून होईल अशी ही चूक. माझ्यासारखी असती तर लाल दिवा ढळढळीत ठेवला असता आणि मासाच पळाला असता.

नावाड्याच्या शेडमध्ये तुम्ही कार्ड लावून पाहिलंत तेव्हा पहिल्या तुकड्यांत नुसती वाळू आणि तुझ्या पायातले पोहायचे पंखे दिसले, म्हणे. तुझे बाबा, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांसमोर म्हणाला, "एक बटण दाबता येत नाही आणि निघालीय फिल्म करायला. वर मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून मधेच वर आली. एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं." हे त्यानंच मला घरी येऊन तिखटमीठ लावून सांगितलं. तू म्हणे लॅपटॉप मिटलास आणि कार्ड खिशात घातलंस. आयुष्यभर बंदरात पाण्याखाली काम केलेला माणूस तो, त्याचा हात धरून तू पाण्यात गेलीस, आणि तुझ्या जोडीला खाली उतरायचं तर त्यानंच, हा त्याचा हट्ट. त्याच्या तोंडून ते ऐकताना तुला काय वाटलं असेल याचा मी विचार करत राहिले.

मग मी ते कार्ड लावलं आणि सगळं पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एडिटिंगच्या खुर्चीत आयुष्य गेलंय माझं, मला टाकाऊ तुकडे बघायचा कंटाळा येत नाही. आणि पोरी, काय सांगू! तुला जे टिपायचं होतं ते त्यात नाही, पण तू आहेस. तू वाळूला पंखा लागू नये म्हणून गुडघे दुमडून जातेस. प्रत्येक नव्या खोलीवर थांबतेस आणि पांढरी पाटी कॅमेऱ्यापुढे धरून त्याला पांढरा म्हणजे काय ते पुन्हा समजावतेस, कारण खाली जाताना लाल रंग आधी विरतो. एका घरट्याकडे जाताना मासा दचकला तर तू मागे सरकतेस आणि वाट बघतेस. किती वाट बघतेस! मी खुर्चीत चुळबुळ करत होते आणि तू हलत नव्हतीस. थोड्या वेळानं मला त्या तुकड्यांची रीतही कळली. मासा आला रे आला की तुकडा संपायचा, कारण नेमकं तेव्हा तू बटण दाबायचीस.

शेवटचा तुकडा मात्र संपला नाही. मोठं घरटं आहे, दिवे अजून लावलेले नाहीत, सगळं हिरवट आणि अंधुक. मासा परत येतो. खळग्यावर उभा राहून परानं वारा घालू लागतो. अंडी काही दिसत नाहीत, पण तो मासा जे करतोय त्यासाठीच तू एवढा खटाटोप केला होतास. मी म्हटलं, आता दाबेल, आता संपेल. पण तू दाबलं नाहीस. चित्र गर्रकन फिरलं आणि समोर दादा दिसला. आडवा झालेला, पाय थांबलेले, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. तो धडधाकट आहे, रोज सकाळी माझ्याकडे येऊन पेपर वाचतो हे माहीत असूनही मी उभी राहिले. कॅमेरा तुझ्या छातीशी लोंबकळत होता म्हणून पुढचं तुकड्यातुकड्यानं दिसलं. तुझा एक हात त्याच्या पट्ट्यात. दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडातली श्वासाची नळी दाबून धरलेली. घाई नाही, झटापट नाही. सावकाश, एका लयीत तू त्याला वर घेऊन गेलीस. मधे कधीतरी त्याची नजर परत आली तर तू अंगठा वर करून खूण केलीस, चला, वर जाऊ या, जणू तुलाच जायचं होतं.

आणि कॅमेरा चालूच होता. बोटीच्या फळीवर पडून आभाळ टिपत होता. नावाड्यानं विचारलं, "इतक्यात वर?" आणि तुझा आवाज आला, "माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं."

तेव्हा मला तुझी चिठ्ठी कळली. कॅमेरा तुला उत्तम जमतो. चुकलेलं बटण तू दुसऱ्या दिवशी सुधारून पुन्हा खाली गेली असतीस, मी तुला ओळखते. पण तू उतरलीस की दादा जोडीला उतरणार, कितीही नाही म्हटलं तरी. कारण सांगितलं तर त्याचं पाणी कायमचं सुटणार, आणि पाण्याशिवाय तो काय करेल हे तुला ठाऊक नाही. म्हणून तू नालायक ठरायचं पत्करलंस. माशांवरही पाणी सोडलंस. सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीस आणि वर मला लिहिलंस की जमत नाही. एवढं मोठं मन तू कुठून आणलंस गं? आमच्या घरात तर सगळे फटकळ.

आता ऐक. ते मी दादाला दाखवलं नाही. दाखवावं की नाही हेच ठरवत होते, इतक्यात तो नेहमीसारखा पेपर वाचायला आला आणि माझ्या मागे उभा राहिला. मी बंद करायला गेले तर त्यानं माझा हात धरला. त्याला त्यातलं काहीही आठवत नाही, राणी. तू वर चल म्हणालीस आणि तो आला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मास्कचं वाक्य ऐकताना त्यानं चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. दुसऱ्या दिवशी मी न सांगता डॉक्टरकडे गेला. हृदयाचा ठोका मधूनच चुकतो आहे. औषधानं आटोक्यात राहील, हिंडाफिरायला, पोहायला हरकत नाही, पण पाण्याखाली जाणं आता बंद. तो कबूल झाला. माझा विश्वास बसेना, म्हणून मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, खरंच कबूल झाला का. तेव्हा तुला आता कुणाला सांभाळायचं नाही. पोहण्याच्या तलावावरची ती उंच जीवरक्षक मुलगी, दादाच्याच हाताखाली शिकलेली, तुझ्या जोडीला उतरायला तयार आहे. उद्याच येईल म्हणते.

हे पत्र खरं तर त्याचं आहे. तो माझ्यासमोर बसलाय. सकाळपासून कागद घेऊन बसला होता आणि त्याला 'प्रिय'च्या पुढे जाता आलं नाही, म्हणून मला लिहायला लावलं. इतका वेळ मी माझ्या मनाचं लिहिलं, आता त्याचं लिहिते, तो सांगतोय तसंच. "तिला लिही, मी तिला सगळ्यांसमोर बोललो, तर तिनं काय केलं तेही मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिला लिही, उतर. आणि विचार, मी बोटीत बसलो तर चालेल का. नको म्हणाली तर काठावर थांबेन."

तुझीच,
आत्या