घरच्या बोलीचा तास

प्रिय ताई,

आईचं सगळं आवरून तू गेलीस, त्याला महिना झाला. मी शाळेत जाते, हजेरी घेते, घरी येऊन कुकर लावते. लोक म्हणतात, बाईंनी छान सावरलं. सावरायला आधी कोसळावं लागतं. मला तेही जमलेलं नाही.

तुला सांगायचं राहिलं. जाण्याआधीचं शेवटचं वर्षभर आई माझ्या शाळेत शिकवत होती. हो, आपल्याच शाळेत, जिथे घरच्या बोलीत तोंड उघडलं की छडी बसायची. आता वरून आदेश आला, जुन्या माणसांकडचं ज्ञान मुलांना द्या. मुख्याध्यापिका म्हणून मीच आईला विचारलं. "तेव्हा नको होतं, आता कशाला?" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी ठेवणीतले कपडे घालून दारात हजर.

खडूला तिने हात लावला नाही. पाला, मुळं समोर मांडायची, चुरगळून मुलांच्या नाकाशी धरायची. ताप उतरवणाऱ्या त्या मुळीला आपल्या बोलीत तीन नावं: कोवळी असताना एक, जून झाल्यावर दुसरं, फुलावर आल्यावर तिसरं. नाव चुकलं की औषधाचं विष होतं. मुलं घडाघडा म्हणायची. मी वहीत उतरवून घ्यायचे, परक्यासारखी. एका मुलीने विचारलं, "आजी, बाई तुमचीच लेक ना? मग त्यांना कसं येत नाही?" आई म्हणाली, "ती हुशार होती. हुशार पोरं लवकर विसरतात." वर्ग हसला. मीही हसले.

तू विसरली नाहीस. पाचवीत तुझं नाव शाळेतून काढलं आणि तू आईबरोबर रानात जाऊ लागलीस.

त्याच्या आदल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत बोली कोण बोललं, असं गुरुजींनी विचारलं होतं. सगळी गप्प होती. तुझं नाव मी सांगितलं, ताई. आईला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिने कधी विचारलं नाही. लिहितानाही मला काही वाटत नाहीये, म्हणून माफी मागत नाही, ती खोटी ठरेल. पण परवा मी नव्या वर्गाला वहीतून शिकवताना त्या मुळीच्या दोन नावांची अदलाबदल केली असावी. मुलांनी निमूट लिहून घेतलं. चूक दाखवायला कुणी उरलेलं नाही, तुझ्याशिवाय. आईचा तास तू घ्यावास म्हणून लेखी परवानगी मिळवली आहे, शिक्षणाची अट नाही. नाही आलीस तर बोल लावणार नाही. तू येईस तोवर तास बंद ठेवला आहे.

तुझीच,
धाकटी