ब्रिज बसला

३ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. फर्निचरच्या कारखान्यात तुला सुपरवायझर केल्याचं तिच्याकडून कळलं. मला तू कळवणार नाहीसच. का, ते विचारत नाही.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. गिटारचा ब्रिज बसला! तारा चढवून काल दहा दिवस झाले, तरी त्याच्याखाली कागदाची कडसुद्धा शिरली नाही. मी वर्कशॉपमध्ये एकटाच नाचलो. पन्नाशीत कसा नाचलो असेन, ते डोळ्यांसमोर आणू नकोस.

गिटार कुणाची, ते सांगायचं टाळत होतो. मास्तरांची. तीन वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात जिचा ब्रिज, तारा बांधलेला तो लाकडी ठोकळा, फळीवरून उखडला, तीच. तू दुकान सोडून गेल्यावर मी स्वतः सरस कालवून तो पुन्हा चिकटवला, चार क्लॅम्प आवळले. गेल्या महिन्यात तो परत उखडला. या वेळी दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं. मधोमध सरस पातळ आणि घट्ट, दोन्ही टोकांना जाड थर, तडकलेला. गिटारची वरची फळी मध्ये फुगीर, आणि मी तीस वर्षं ब्रिजचा तळ रंध्याने सपाट करून वर पट्टी लावून मिरवत आलो. क्लॅम्पने दाबली की टोकं टेकायची, तारांचा ताण आला की उचलली जायची. तू विचारलं होतंस, "दादा, फळी फुगीर आणि तळ सपाट, बसणार कसा?" मी म्हणालो होतो, "तू तुझ्या सरसाकडे बघ."

आता तू म्हणायचीस तसंच केलं. फळीवर पॉलिश पेपर चिकटवला, खरखरीत बाजू वर, आणि त्यावर ब्रिज घासत बसलो. मधूनमधून पेपर काढायचा, फळीला खडू लावायचा, ब्रिज टेकवून बघायचा. आधी नुसता मध्यभाग पांढरा व्हायचा. तिसऱ्या दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ पांढरा झाला. सॅडलही, म्हणजे तारा पेलणारी ती हाडाची पट्टी, नवी घडवली. खाचेत अशी बसली की गिटार उलटी केली तरी पडत नाही, आणि दोन बोटांनी ओढली की निघते. फुशारकी मारतोय, मारू दे.

काल मास्तर न्यायला आले. वाजवून म्हणाले, असा आवाज हिचा कधीच नव्हता. त्यांच्यादेखत मी तुझ्यावर ओरडलो होतो, सरस कच्चा ठेवलास, दुकानाचं नाक कापलंस म्हणून. तेव्हा त्यांच्यादेखतच सांगितलं, "सरस तिचा पक्का होता. तळ माझा चुकला होता."

त्यांनी गिटार पेटीत ठेवली. मग म्हणाले, "हे तिला सांगितलंत का?"

तर सांगतोय. चूक माझी होती, धाकटे. मी तुला हाकललं नाही, असं सगळ्यांना सांगत आलो. पण तू राहावंस असं काही ठेवलंही नव्हतं. मला माफ कर.

मास्तरांनी नवी गिटार करायला सांगितली आहे. ब्रिज कोण बसवणार, असं विचारलं, तर तुला न विचारता मी तुझंच नाव सांगून मोकळा झालो. जित्याची खोड. नाही म्हणालीस तर त्यांच्यापुढे पुन्हा एकदा कान पकडेन. हो म्हणालीस तर रविवारी ये. खिडकीजवळचं तुझं टेबल रिकामं केलंय.

तुझ्या हाताखाली काम करायला तयार असलेला,
दादा