कमी दाबाने

उल्हासनगर, कॅम्प ५
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आणि अंजनीने ड्रमची काठी फेकून मारली. मला लागली नाही, गंधारलाही लागली नाही. जिन्यातून खाली भूपेशशेठच्या कारखान्यात गेली आणि जीन्सच्या ढिगावर पडली. भूपेशशेठ ती स्वतः वर घेऊन आले. म्हणाले, तुम्ही वर भांडलात की माझी खाली शिलाई वाकडी येते. आता अंजनी आणि गंधार जिन्यात बसून चहा पीत आहेत आणि मी तुला लिहिते आहे. फोन तू गॅस आणि बँक यांच्यासाठी ठेवला आहेस, विचार करायच्या गोष्टी पाकिटातून पाठवायच्या, हा तुझा नियम. ही विचार करायची गोष्ट आहे.

भांडण सोहमवरून झालं. दोन वर्षं त्याचा बँड शनिवारी आणि आमचा रविवारी याच खोलीत वाजवत होता. तोच अँप्लिफायर, तोच पंखा, खालून तोच शिलाईमशिनांचा आवाज. आज सोहमचं गाणं चहापत्तीच्या जाहिरातीत आहे आणि एप्रिलमध्ये तो गावोगावच्या दौऱ्यावर निघतो आहे. त्याचा बेस गिटार वाजवणारा मुलगा कॅनडाला चालला. त्याच्या जागी सोहमने मला विचारलं आहे. चोवीस तारखेच्या सोमवारी सकाळपर्यंत सांगायचं. मी गेले तर आपला बँड संपला, असं अंजनी म्हणाली आणि मग ती काठी.

आम्ही वाजवतो ते पोस्ट-पंक म्हणजे काय, हे तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. गिटार पातळ असते. चाल बेसवर असते, म्हणजे माझ्याकडे. ड्रम यंत्रासारखा चालतो. गाणारा सूचना वाचून दाखवल्यासारखा गातो. आमचा गंधार तर खरोखरच सूचना वाचतो: शुक्रवारी पाणी येणार नाही, शनिवारी येईल, कमी दाबाने. सोसायटीच्या फळ्यावरून उतरवून घेतलेली आहे.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, गिरण्या बंद पडलेल्या गावांत, असे पुष्कळ बँड होते. एकाच हॉलमध्ये वाजवायचे, एकमेकांचे अँप उसने घ्यायचे. त्यातले दोन-चार जगाला माहीत झाले, बाकीच्यांची नावं फक्त गंधारला माहीत आहेत. असं का होतं? गंधार म्हणतो, जे लोकांची मनधरणी करतात ते मोठे होतात. अंजनी म्हणते, नशीब. तू आयुष्यभर रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळलीस. एकाच कृतीच्या दोन बॅच वेगळ्या का उतरतात, हे तुलाच विचारलं पाहिजे.

गुडघा कसा आहे ते लिही. लोभ आहेच, तो या पत्रामुळे कमी होऊ देऊ नये.

तुझी,
हिमानी


बदलापूर
७ फेब्रुवारी २०२५

चि. हिमानीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोन स्टेशनांचं अंतर टपालाने तीन दिवसांत कापलं, म्हणजे माझ्या गुडघ्यापेक्षा जरा वेगाने. काठी कोणाला लागली नाही हे वाचून बरं वाटलं. अंजनीला सांग, आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी होती म्हणून आम्हाला शांतपणे भांडायची सवय लागली. तुमच्याकडेही काहीतरी फुटण्यासारखं ठेवा.

आता प्रश्न. सुती कापड रंगाच्या पाण्यात नुसतं बुडवलं तर फिकं निघतं. रंग चांगला असतो, कापड चांगलं असतं, तरी बराचसा रंग पाण्यातच राहतो. त्यात मीठ घालावं लागतं. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं. शेवटी कापड धुतलं की मीठ निघून जातं, तयार शर्टावर ते कोणाला दिसत नाही. नवीन मुलं रंगावर तासन्‌तास वाद घालायची आणि मीठ तोलायला विसरायची. मी पहिला प्रश्न मिठाचा विचारायचे, म्हणून ती मला पाठीमागे काय म्हणायची ते तुझ्या बाबांना माहीत आहे.

तेव्हा मला तुझ्या त्या इंग्लंडातल्या बँडांबद्दल कळवायचं ते हे: जे मोठे झाले त्यांच्याजवळ मीठ कोण होतं? गाणी रेडिओवर कोणी पोचवली, रेकॉर्डच्या वेष्टणावरचं चित्र कोणी काढलं, लोकांना हॉलपर्यंत कोणी आणलं? मग सोहमकडे कोण आहे ते सांग. मग तुमच्याकडे कोण आहे ते.

आणखी एक. तुमच्या बँडचं नाव काय? मी तुझ्या बाबांना विचारलं, त्यांनी तुझ्या आईला विचारलं, कोणालाच ठाऊक नाही.

सोहमकडे जावं की नाही हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू उलट करशील आणि मग दोघींनाही कळणार नाही की ते खरं कोणाचं ठरवणं होतं.

जेवत जा. आशीर्वाद आहेत, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या,
संजीवनी


अंबरनाथ पूर्व
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. अंजनी खूप हसली. गंधार हसला नाही, पण दुसऱ्यांदा वाच म्हणाला.

तू म्हणतेस तसंच निघालं. त्या प्रत्येक मोठ्या बँडच्या आसपास कोणीतरी आहे. कोणी रात्री रेडिओवर नवीन मुलांची गाणी लावणारा, कोणी हॉल चालवून त्यात बुडालेला, कोणी चित्रकलेच्या शाळेतली मुलगी. गंधारला ही सगळी माणसं माहीत होती. त्याने ती कधी एका रांगेत मांडली नव्हती.

सोहमकडे अनुया आहे, त्याची बहीण. ती वाजवत नाही. शनिवारी ती दाराशी उभी राहायची, येईल त्याचं नाव विचारायची आणि पुढच्या वेळी त्याला नावाने हाक मारायची. तिने किती लोकांना गाणं पाठवलं कोण जाणे. आम्ही तिची चेष्टा करायचो. आता लिहिताना वाटतं, ती आमच्याकडे असती तर आम्ही तिला दारातही उभं राहू दिलं नसतं.

आमच्याकडे कोणी नाही. आणि नावाचं विचारतेस, तर आमच्या बँडला नाव नाही. वर्षभर तिघांचं जमलं नाही. मग गंधारने त्याचं तत्त्व करून टाकलं, की नाव म्हणजे जाहिरात. पाण्याचं गाणं आम्ही दिवाळीनंतर इंटरनेटवर ठेवलं, तेव्हा वर नुसता काळा चौकोन होता. नाव नाही, गाव नाही. किती जणांनी ऐकलं हे बघायचं नाही असंही ठरलं होतं. तुला हे वेडेपणाचं वाटेल. आम्हाला तेव्हा फार थोर वाटलं होतं.

गाण्याला ध्रुवपदही नाही. ध्रुवपद म्हणजे लोकांना हात धरून आत नेणं, असं गंधारचं मत. तो गातोसुद्धा लोकांकडे पाठ करून.

काल रात्री सोहमची गाणी वाजवून पाहिली. सोपी आहेत, चांगली आहेत. त्यांत मी छान बसेन. हेच मला आवडत नाही आणि का ते सांगता येत नाही. चोवीस तारीख जवळ आली.

लोभ राहू दे. चिडलीस तरी चालेल, पण पत्राने चीड.

तुझी,
हिमानी


बदलापूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. हिमानीस,
अ. उ. आ.

चिडले नाही. हसले, आणि एकटी हसत बसले म्हणून शेजारच्या बनूबाई बघायला आल्या.

काल जांभूळहून दौलतराव आले होते. आमच्या कारखान्यात बॉयलरवर होते, आता शेती बघतात. मुलीच्या, तेजस्वीच्या, लग्नाची पत्रिका घेऊन आले. पाणी दिलं, बसले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनमधून एक कोरडा आवाज म्हणाला की शुक्रवारी पाणी येणार नाही. त्या आवाजाखाली धडधड चालली होती.

मी म्हटलं, हे माझ्या भाचीचं. दौलतराव म्हणाले, काय बोलता मॅडम, ही तर आमच्या पोरींची नोटीस. उल्हासनगरच्या कोणा जीन्सच्या कारखान्यातल्या कारागिरांनी शिलाई करता करता त्यावर रील बनवलं म्हणे, तिथून पसरलं. आता आमच्याकडच्या हळदीत बेंजो पार्टीला ते वाजवावंच लागतं. पाणी शुद्ध करायचं केंद्र गावाला लागून, म्हणून जांभूळकरांना ते आपलंच वाटतं. कोणाचं गाणं आहे, असं मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, कोणाचंच नाही, नोटिशीला कुठे कोणाचं नाव असतं.

तर बाई, तुमचं गाणं प्रसिद्ध आहे. तुम्ही नाही. मीठ तुमच्या पायाखाली शिलाईमशिनांवर बसलं होतं आणि तुम्ही रंगाच्या पिंपावर लेबलच लावलं नव्हतं.

दौलतरावांना ते खोटंच वाटलं. म्हणाले, खरं असेल तर आणा त्यांना बावीस तारखेला हळदीला, बेंजोवाले चहा घेतील तेवढ्यात वाजवू देत. मी तुमच्या वतीने हो म्हटलं आहे. गुडघ्यामुळे मला येता येणार नाही, तेव्हा मला सगळं लिहून कळव, सुशोभित न करता. त्यांनी फलकावर छापायला एक गोष्ट विचारली, ती मी सांगून टाकली. काय ते तिथे गेल्यावर दिसेल. गंधारला आधी सांगू नकोस.

काठ्या जास्तीच्या न्या. आशीर्वाद तिघांनाही, पाठ करून उभा राहतो त्याला थोडे जास्त.

तुझी आत्या,
संजीवनी


अंबरनाथ पूर्व
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

सुशोभित न करता लिहिते.

काल टेम्पो जांभूळमध्ये वळला तेव्हा फलक दिसला. तेजस्वीचा फोटो, मामांचे फोटो, आणि खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत: हळदीचे खास आकर्षण, काज-बटण, उल्हासनगर. गंधारने विचारलं, हे काज-बटण कोण. मी म्हटलं, आपण. त्याने तो फलक पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला की कारखान्यात सगळ्यात मोठा आवाज काज-बटणाच्या मशीनचाच असतो. अंजनीने लगेच सगळ्यांसमोर जाहीर केलं की हे त्याला मान्य आहे. वर्षभर जे झालं नाही ते तू बदलापूरला बसून एका वाक्यात केलंस.

बेंजो पार्टीचे हरिचंद्र म्हणून प्रमुख आहेत. त्यांनी मला आधी तपासलं. वाजव म्हणाले. मी चाल वाजवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बेंजो उचलला आणि माझ्या चालीवर तीच चाल दुपटीने वाजवून दाखवली. म्हणाले, तुमची फार हळू आहे, हळदीला चालायची नाही. अंजनीने हे आव्हान मानलं. आमचं गाणं इतकं जोरात कधीच गेलं नव्हतं. वाजवता वाजवता दोन बायका आल्या आणि माझ्या गालांना हळद लावून गेल्या. थोडी तारांना लागली. बेस अजून पिवळा आहे आणि मी तो पुसणार नाही.

गंधार नेहमीप्रमाणे लोकांकडे पाठ करून उभा राहिला. तो म्हणाला, शुक्रवारी पाणी येणार नाही. तो म्हणाला, शनिवारी येईल. आणि तो पुढचं म्हणायच्या आत सगळा मांडव ओरडला की कमी दाबाने. दौलतराव, तेजस्वी, आचारी, सगळे. त्यांना ते पाठ होतं. रोजचंच आहे त्यांचं. गंधार थांबला आणि कोण ओरडतंय ते बघायला वळला. तो लोकांकडे वळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्याने ती ओळ मुद्दाम अर्धी सोडली. मग पुन्हा. ती ओळ किती वेळा झाली ते मोजलं नाही. शेवटी हरिचंद्रही बेंजो घेऊन आत शिरले आणि चहा राहिला तो राहिलाच.

येताना मी विचार करत होते. आमच्या गाण्यात ध्रुवपदाची जागा रिकामी होती. ती लोकांनी भरून ठेवली होती, आम्ही फक्त तिकडे पाठ करून उभे होतो. असे बँड पुष्कळ असतील. सगळ्यांना जांभूळ सापडत नाही. काहींना सापडतं तेव्हा ते तिथून निघून गेलेले असतात.

आम्ही मोठे होऊ असं मला वाटत नाही. दौलतरावांच्या भावाने मे महिन्यातल्या हळदीचं विचारलं आहे, एवढंच. पण मला त्या मांडवातून तो ओरडा पुन्हा ऐकायचा आहे.

तू विचारलं होतंस, तुमच्याकडे मीठ कोण. सापडलं. बदलापूरला राहतं, फोन फक्त गॅस आणि बँकेसाठी ठेवतं.

गुडघा सांभाळ, मेपर्यंत बरा व्हायला हवा. लोभ आहे तसा ठेव, कमी दाबाने नको.

तुझी,
हिमानी

ता. क. सोमवार सकाळ. पत्र टाकायचं राहिलं होतं. सहाला पाणी आलं. बादली भरेपर्यंत सोहमला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, काज-बटण तुम्हीच का, अनुयाला व्हिडिओ आला आहे. गंधार रंगाचा डबा घेऊन कॅम्प ५ ला गेला आहे, दारावर नाव लिहायला.