पिवळा पडलेला बिल्ला

चि. खारूताईस,

तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल. तू वेळेवर जेवतेस ना? मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा सांगणारी मी आणि लिहिणारे तुझे आजोबा. (सक्तीने. – आजोबा) लिहून झालं की समोरच्या शिंपीणबाईंकडून वाचून घेणार आहे, म्हणजे ह्यांना सोयीचं तेवढं गाळता यायचं नाही.

तर तू तिकडे रॉकेटच्या कामावर बनवलेले ते बिल्ले. सुट्टीत आलीस तेव्हा दोन देऊन गेलीस आणि समजावलंस, की रॉकेटचं इंधन असं विषारी की नाकाला वास लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तुमच्याकडची माणसं हा बिल्ला छातीवर लावतात, आणि जरा कुठे गळती झाली की आतला पांढरा कागद पिवळा पडतो. केवढं डोकं ग पोरी! घंटा नाही, वायर नाही, बोटभर कागद, आणि तो माझ्यासारखीलाही वाचता येतो. आपल्या घरात एवढी अक्कल आली कुठून, मला तर कोडंच आहे. (कोडं कसलं? माझ्याकडून.)

मी एक लगेच पदराला टाचला. मंगळवारी दुपारी हे गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून आले, शेजारी बसून मला पेपर वाचून दाखवू लागले, आणि बघते तर कागद पिवळाधम्मक! मी गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि इमारत डोक्यावर घेतली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर चिमट्यासकट बाहेर आले, मागोमाग त्यांचा पेशंट, आ वासलेलाच. तू सांगितलं होतंस तसं सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं. बंबवाला येऊन विचारतो, "आजी, घरात रॉकेट आहे का?" म्हटलं, "माझ्या माहितीत नाही, पण माळ्यावर ह्यांनी काय काय कोंबलंय ते देव जाणे."

मग तुला फोन लावला. तू एवढंच विचारलंस, घरात कोणी सिगारेट ओढतं का? फोनचा स्पीकर चालू होता. अख्खी इमारत तुझ्या आजोबांकडे वळली. पेशंटसुद्धा. (कुंड्यांना पाणीही घातलं होतं.) आता आणखी धूर गेला तर नळी लावून श्वास घ्यावा लागेल, असं छातीच्या डॉक्टरांनी बजावलंय, आणि ह्यांनी त्यांच्यासमोर सोडल्याची शपथ घेतली होती. मी विश्वास ठेवत राहिले, हे पेपरमिंट चघळत राहिले.

तू मात्र हिरमुसलीस, की सिगारेटच्या धुराने बिल्ला फसतो, ही त्यातली खोट आहे. अगं, कसली खोट? विष होतं, गळती होती, त्याने सांगितलं. जन्मभर शेजारी बसून मला जे कळलं नाही, ते त्याने पेपरचं पहिलं पान संपायच्या आत ओळखलं. सांग तुझ्या साहेबांना.

तुझी,
आजी

ता. क. – खरं काम राहिलंच. आणखी डझनभर बिल्ले पाठव. शर्टाच्या कॉलरला आतून शिवता येतील असे.

ता. क. – पाठवू नकोस. सोडली आहे. – आजोबा

ता. क. – हा शिंपीणबाईंच्या हातचा. वरचा मी सांगितलेला नव्हता, त्यांनी वाचला तेव्हा कळला. तुझा दुसरा बिल्ला त्या मंगळवारपासून ह्यांच्या कोटाच्या खिशामागे टाचलेला आहे, ह्यांना पत्ता नाही. आत्ता काढून पाहिला. पांढराशुभ्र. दोघींनी दोनदा उजेडात धरून पाहिला, आणि मी तो परत होता तिथे टाचला. ह्यांना कळवू नकोस, चढून बसतील. आणि डझनभर पाठवच.